चंद्राला एक वाक्य

मुंगीला शाळेच्या नाटकात चंद्राचं काम मिळालं, ही बातमी कारकूनरावांनी कचेरीत सांगायला नको होती. माणसाला आनंद झाला तर त्याने तो घरात झाकून ठेवावा. कचेरीत नेला की त्याला हवा लागते आणि तो नासतो. पण कारकूनराव पडले भोळे. चहाच्या वेळी, कोणी काही विचारलेलं नसताना, ते म्हणून गेले, "आमची मुलगी चंद्र होणार आहे."

"वा!" हेडक्लार्क म्हणाले. "संवाद किती आहेत?"

हा प्रश्न कारकूनरावांना सुचलाच नव्हता. चंद्र म्हटल्यावर त्यांना फक्त उजेड दिसला होता.

"आहेत की," ते म्हणाले.

"किती?"

"असतील बऱ्यापैकी."

"आमच्या चिरंजीवांना मागच्या नाटकात एवढे संवाद होते," हेडक्लार्कांनी दोन्ही हात फाकवून दाखवले, "की शेवटी घसा बसला. तुमचं नाटक बघायला आम्ही दोघं येणार बरं का!" आणि बिस्कीट चहात बुडवून ते निघून गेले.

कारकूनराव म्हणजे एका विमा कंपनीच्या आवक-जावक टेबलावरचे गृहस्थ. बाहेरून आलेला कागद आत पाठवायचा आणि आतला बाहेर. कागद त्यांच्याजवळ थांबत नसे, आणि कागदाविषयी त्यांचं मत काय, असं त्यांना कोणी कधी विचारलं नव्हतं. महिन्याच्या बैठकीत त्यांची खुर्ची दाराला लागून असे. प्रत्येक बैठकीत त्यांना काहीतरी सांगायचं असे. वाक्य पोटात तयार होई, छातीपर्यंत चढे, घशाशी येऊन जरा कपडे ठीकठाक करी, आणि नेमके तेव्हाच साहेब म्हणत, "कुणाला काही बोलायचंय? नाही ना? मग चहा." वाक्य आल्या वाटेने परत जाई. अशी किती वाक्यं त्यांच्या पोटात राहायला होती, देव जाणे. बायको त्याला पित्त म्हणायची.

घरी आल्या आल्या त्यांनी मुलीला गाठलं. मुंगी बारा वर्षांची. पाळण्यातलं नाव चांगलं मोठं होतं, पण पोर अशी गप्प आणि अशी कामाला लागलेली की मुंगी हेच नाव चिकटलं.

"मुंगे, तुला वाक्यं किती आहेत गं नाटकात?"

"एकही नाही."

"एकही नाही म्हणजे?"

"बाबा, चंद्र कधी बोलतो का?" मुंगी म्हणाली.

अशा वेळी मोठी माणसं चष्मा पुसतात, कारकूनरावांनी पुसला.

मग हळूहळू सगळं कळलं. नाटक शाळेतल्या नाटकाच्या बाईंनी स्वतः लिहिलं होतं. एक मुलगा रानात वाट चुकतो. त्याला एक विहीर भेटते, एक मोडका पूल भेटतो, पडक्या घराचं नुसतं उभं राहिलेलं दार भेटतं. तो प्रत्येकाला वाट विचारतो आणि कोणीच काही बोलत नाही. शेवटी तो वर बघून ओरडतो, "कोणी आहे का?" चंद्र नुसता त्याच्याकडे बघत राहतो. त्या उजेडात मुलाला पायवाट दिसते आणि तो घरी जातो. संपलं नाटक. बोलणारा एक, बाकीचे सगळे नुसते असणारे.

बाईंची एक पद्धत होती. पात्र शाळेत ठेवायचं नाही, घरी न्यायचं. रोज संध्याकाळी थोडा वेळ तेच होऊन बसायचं. आणि नाटक संपलं की लगेच, रंग पुसायच्या आत, प्रत्येकाने पालकांसमोर उभं राहून सांगायचं की त्या पात्राचं आपल्याला काय कळलं. "संवाद पाठ करणं सोपं असतं," बाई मुलांना म्हणत, "नुसतं असायला शिका."

त्यामुळे त्या इमारतीत त्या दिवसांत विलक्षण गोष्टी चालल्या होत्या. खालच्या मजल्यावर दातांचे डॉक्टर राहत. त्यांचा मुलगा दार होता. तो संध्याकाळी स्वयंपाकघराच्या चौकटीत उभा राही आणि ढकलल्याशिवाय हलत नसे. वरच्या मजल्यावर निवृत्त शिक्षणाधिकारी; त्यांची नात विहीर. ती कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन बसे आणि तिच्याशी काही बोललं की शेवटचा शब्द तेवढा परत देई. आजोबांनी विचारलं, "अभ्यास झाला का?" की आतून येई, "झाला का... का... का..." शिक्षणाधिकाऱ्यांच्या सगळ्या नोकरीत त्यांना असं उत्तर कोणी दिलं नव्हतं.

आणि मुंगी कपाटावर बसायची.

दिवाणखान्यातलं कपाट चांगलं उंच आणि रुंद होतं. मुंगी स्टुलावरून वर चढायची, पांढरी चादर अंगाभोवती घ्यायची आणि खाली बघत बसायची. आईने पहिल्या दिवशी आरडाओरडा केला. दुसऱ्या दिवशी तिला सुरी सापडेना, तर चंद्राने बोट दाखवलं, सुरी खिडकीत होती. तिसऱ्या दिवसापासून आईने हरकत घेणं सोडलं. घरात उंचावर कोणीतरी असलेलं बरं असतं, असं ती शेजारणीला म्हणाली.

कारकूनराव कचेरीतून येत तेव्हा दिवेलागण होत आलेली असे. बायको आत भाजी चिरत असे. रस्त्यावरचा दिवा लागला की त्याचा उजेड खिडकीतून तिरपा येऊन बरोबर त्या चादरीवर पडे, आणि मुंगीचा चेहरा त्यात असा शांत दिसे की हे आपलंच पोर का, असं त्यांना वाटे. खोलीतला दिवा लावायला ते विसरत. खुर्चीत टेकून वर बघत बसत. बसता बसता एके दिवशी त्यांच्या तोंडून निघालं, "आज ना, बैठक होती." वरून कोणी काही बोललं नाही. "मला सांगायचं होतं," ते म्हणाले, "की कचेरीच्या खिडकीपाशी म्हातारी माणसं ताटकळत उभी असतात. एक बाक ठेवला तर काय बिघडलं?" वरून कोणी म्हणालं नाही, मग सांगितलं का नाही. कोणी म्हणालं नाही, तुम्ही असेच. मुंगी नुसती बघत होती. मग दुसऱ्या दिवशी ते पुन्हा बोलले, तिसऱ्या दिवशी आणखी. लहानपणी घराच्या गच्चीवर पडून ढग मोजायचे ते सांगितलं. आपल्याला बासरी शिकायची होती, ते सांगितलं. हे तर बायकोलाही ठाऊक नव्हतं. बोलता बोलता त्यांचा डोळा लागे, आणि जाग येई तेव्हा भाजीला फोडणी बसलेली असे आणि चंद्र मावळून अभ्यासाला बसलेला असे.

एवढं सगळं छान चाललं होतं. शहाण्या माणसाने ते तसंच चालू दिलं असतं.

पण हेडक्लार्क रोज विचारत, "काय, संवाद पाठ झाले का चंद्राचे?" कारकूनराव "चाललंय" म्हणत आणि खाली मान घालून शिक्के मारत. बोलणाऱ्याची माती विकली जाते आणि न बोलणाऱ्याचं सोनं पडून राहतं, हे त्यांच्या वडिलांनी त्यांना लहानपणी शंभरदा ऐकवलं होतं. ते स्वतः आयुष्यभर सोनं होऊन पडून राहिले होते. आता पोरगीही तशीच होणार. दाराला लागून तिचीही खुर्ची ठेवलेली त्यांना दिसायला लागली. खरं तर हेडक्लार्कांची त्यांना फारशी भीती नव्हती. ही खुर्ची त्यांना झोपू देत नव्हती. त्यांनी ठरवलं, मुंगीला एक वाक्य मिळवून द्यायचं. जास्त नको, एकच.

नाटकाच्या बाई शाळेच्या पायरीवर बसून निळ्या कापडाला टाके घालत होत्या. बाई किडकिडीत, केसांना खडूची पूड, आणि बोलताना अशा लांब कुठेतरी बघणाऱ्या की आपल्या मागे कोणी उभं आहे की काय, असं वाटावं.

"बाई, चंद्राला एक वाक्य देता आलं तर," कारकूनराव म्हणाले.

"कशाला?"

"म्हणजे, सगळं नाटक ती तिथे बसणार. लोकांना कळायला नको का, की ती आहे?"

"ती दिसतेच की," बाई म्हणाल्या. मग त्यांनी कारकूनरावांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि सुई थांबवली. "तुम्हाला फारच हवंय का हो?"

कारकूनरावांनी मान हलवली.

बाईंना नाही म्हणता येत नसे; नाटकं लिहिणाऱ्यांचा हा एक रोगच आहे. त्या म्हणाल्या, "माझं काही नाही. पण संहितेवर मुख्याध्यापकांचा शिक्का बसलाय. आता एक शब्द हलवायचा तर त्यांना विचारावं लागेल."

मुख्याध्यापकांनी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि नियम सांगितला. शिक्का बसलेल्या नाटकात संवाद वाढवायचा तर अर्ज हवा, अर्जात वाक्य पूर्ण लिहिलेलं हवं, आणि वाक्यामुळे इतर पात्रांवर अन्याय होत नाही अशी त्या पात्रांच्या पालकांची सही हवी.

"चंद्र बोलला तर विहिरीवर काय अन्याय होणार?" कारकूनरावांनी विचारलं. म्हणजे विचारणार होते. वाक्य घशाशी आलं तोवर मुख्याध्यापकांनी घंटी वाजवून पुढच्या माणसाला आत बोलावलं होतं.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते इथून सुरू झालं. सह्या मागायला जायचं म्हणजे वाक्य काय ते सांगायला हवं, आणि वाक्य तर अजून सुचायचं होतं. पण शेजारी असताना माणसाला स्वतःला काही सुचावं लागत नाही. शिक्षणाधिकारी म्हणाले, "चंद्राच्या तोंडी फालतू काही नको. ज्ञान हवं. 'बाळा, मी पृथ्वीचा एकमेव नैसर्गिक उपग्रह असून मला स्वतःचा प्रकाश नाही.' लिहा."

"पण मुलगा वाट चुकलाय," कारकूनराव पुटपुटले.

"मग ज्ञानाची गरज त्यालाच जास्त."

दातांच्या डॉक्टरांचं म्हणणं, रात्रीचा प्रसंग आहे, मुलगा लहान आहे, तेव्हा चंद्राने झोपण्याआधी दात घासण्याचा विषय काढला तर ते अगदी सहज वाटेल. बायकोला विचारलं तर ती पोळपाटावरून मान वर न करता म्हणाली, "तिला म्हणू दे, 'आई, आता खाली उतरू का?' तिला तिथे शिडीवर बसवणार आहेत, मला बाई त्याची भीती वाटते."

शेवटी वाक्य त्यांना रस्त्यात सुचलं. कचेरीतून येताना चौकात ते थांबले होते. आभाळात अजून उजेड होता आणि त्या उजेडातच एक फिकट, अर्धा चंद्र गच्च्यांच्या वर येऊन उभा होता, कोणी बोलावलेलं नसताना लग्नाला आलेल्या पाहुण्यासारखा, जरा कडेला. मुलगा विचारतो, कोणी आहे का? चंद्र म्हणतो, मी आहे ना. बस्स. कारकूनरावांचे डोळे भरून आले. हिरवा दिवा लागला, गेला, पुन्हा लागला, मागचा सायकलवाला नाही नाही ते बोलला, पण आपले गृहस्थ तिथेच उभे. एवढं चांगलं वाक्य आपल्या पोटातून निघालं, यावर त्यांचा विश्वास बसेना.

वाक्य ऐकून शिक्षणाधिकाऱ्यांनी पेनाचं टोपण उघडलं. मग म्हणाले, "ठीक आहे. सही करतो. पण मग विहिरीलाही एक वाक्य हवं."

"विहिरीला?"

"चंद्र लांबचा. विहीर गावातली. आधी बोलायचा हक्क कोणाचा?"

डॉक्टरांनी दारासाठी वाक्य मागितलं. पुलाच्या आईने पुलासाठी दोन मागितली, कारण पुलाला ओणवं राहावं लागत होतं. झाडांचे पालक एकत्र आले. एक मुलगी दगड होती. तिच्या मामांनी दगडाचं स्वगत लिहूनच आणलं, तेही यमक जुळवून. मुख्याध्यापकांनी हे सगळं बघून समिती नेमली. समितीत कारकूनरावांना घेतलं, मूळ अर्जदार म्हणून. समितीच्या बैठकीत त्यांना दाराजवळची खुर्ची मिळाली आणि ते शेवटपर्यंत मूग गिळून बसले. समितीने ठरवलं की प्रत्येक निर्जीव पात्राला वाक्य मिळेल, मात्र नाटकाची वेळ वाढणार नाही. जास्तीचा वेळ जिवंत पात्राच्या वाट्यातून कापावा. जिवंत पात्र एकच होतं. त्या मुलाची आई रडत शाळेत आली. आधी सबंध नाटक तोच बोलायचा, आता त्याने "ही विहीर दिसते" म्हणायच्या आत विहीरच "मी विहीर आहे, पाणी जपून वापरा" असं सांगून मोकळी होत होती.

तालमीनंतर बाई पायरीवर बसल्या होत्या. कारकूनराव समोर जाऊन उभे राहिले.

"आता या रानात कोणी हरवूच शकत नाही," बाई लांब बघत म्हणाल्या. "जो तो वाट सांगतोय."

कारकूनरावांना 'चुकलो' म्हणायचं होतं. वाक्य घशापर्यंत आलंही होतं. पण बाईंनी सुईत दोरा ओवायला घेतला, आणि अशा वेळी माणसाशी बोलू नये.

घरी त्यांनी मुंगीला वाक्य सांगितलं तेव्हा ती कपाटावर होती. तिने ते ऐकलं आणि चादरीचं टोक ओढत विचारलं, "म्हणायलाच हवं का?"

"अगं, केवढी खटपट केली मी! तीन शब्द तर आहेत."

"पण बाबा, चंद्र..."

"म्हणून तर दाखव."

"मी आहे ना," मुंगी म्हणाली. ते कपाटाखालपर्यंतही पोचलं नाही.

मग तिची तयारी सुरू झाली. डॉक्टरांनी जबडा किती उघडायचा ते आरशासमोर दाखवलं. शिक्षणाधिकाऱ्यांनी 'आहे'वर जोर दे म्हणून सांगितलं. कारकूनरावांना जोर 'मी'वर हवा होता. त्यावरून जिन्यात दोघांची चांगली बाचाबाची झाली, म्हणजे बोलत होते ते एकटे शिक्षणाधिकारी. मुंगी खाली उभी राहून, पाय जोडून, भिंतीकडे बघून रोज तेच तीन शब्द म्हणायची. कपाटावर बसायचं तिने सोडून दिलं. बोलणारा चंद्र घरात कुठे बसवायचा, हे तिला ठरवता येत नव्हतं. कारकूनराव संध्याकाळी खुर्चीत बसून सवयीने वर बघत. वर जुनी सूटकेस होती. बोलायला लागावं असं त्या सूटकेसच्या तोंडाकडे बघून काही वाटत नव्हतं. ते उठून दिवा लावत.

नाटकाच्या दिवशी सभागृह भरलं होतं. हेडक्लार्क सपत्नीक आले आणि बरोबर कारकूनरावांच्या शेजारी बसले. पडदा वर गेला. रंगाऱ्याच्या दुहेरी शिडीला निळं कापड गुंडाळलं होतं आणि वर, अगदी वर, मुंगी होती. बाईंनी तिच्यावर एकच दिवा सोडला होता. खाली सगळीकडे निळसर अंधार. कारकूनरावांना वाटलं आपण खुर्चीत नाहीच, लहानपणच्या त्या गच्चीवर पडलो आहोत आणि ढग सरकतायत.

मग विहीर बोलली आणि तिच्या घरच्यांनी टाळ्या वाजवल्या. दार बोललं, "मी दार आहे, मला हळू लोटा," आणि डॉक्टर उठून उभे राहिले. पूल बोलला. झाडं एका सुरात बोलली. दगडाचं यमक मध्येच तुटलं तेव्हा मामांनी मागून जोडून दिलं. वाट चुकलेला मुलगा या गर्दीतून कसाबसा पुढे आला, शिडीखाली थांबला, आणि वर बघून ओरडला, "कोणी आहे का?"

मुंगीने खाली पाहिलं.

काही बोलली नाही.

सुरुवातीला ते छानच वाटलं. मग हेडक्लार्कांनी मान वळवून कारकूनरावांकडे पाहिलं. मग कोणीतरी खोकलं. विंगेत बाई उभ्या होत्या. त्यांनी वाक्य सांगायला हवं होतं, पण त्यांनी हातातली संहिता मिटून काखेत धरली होती आणि त्या वर बघत होत्या. मुलाने धीर करून पुन्हा विचारलं, "कोणी आहे का?" आता त्याचा आवाज खराखुरा कापत होता. तो खरंच घाबरला होता. आणि मुंगी बघत होती, अगदी कपाटावरून बघायची तशी. तोंड उघडत नव्हती. विसरली, कारकूनरावांना वाटलं. माझं पोर वर एकटं आहे आणि सगळे तिच्याकडे बघतायत आणि तिला शब्द सापडत नाही. ती खुर्ची, दाराजवळची, त्यांना पुन्हा दिसली. त्यांच्या पोटात काहीतरी उठलं, छातीपर्यंत चढलं, घशाशी आलं, आणि या खेपेला तिथे न थांबता थेट बाहेर पडलं.

"मी आहे ना!"

ते उभे होते. कधी उभे राहिले ते त्यांनाही कळलं नाही. आवाज असा निघाला होता की पडद्याची दोरी हलली, आणि दाराचं काम करणारा मुलगा दचकून खरोखरच उघडला. वाट चुकलेला मुलगा गर्रकन वळला. त्याने अंधारात उभ्या असलेल्या गृहस्थांकडे डोळे बारीक करून पाहिलं, आणि त्याच्या तोंडून निघालं, "हां. मला वाटलं कोणीच नाही." मग तो निमूट त्या उजेडातून चालत घरी निघून गेला.

सभागृहात आधी शांतता, मग हशा, आणि मग टाळ्या. या तिन्हींतलं आपल्या वाट्याचं कोणतं, हे न कळून कारकूनराव उभेच राहिले. "बसा आता," बायको त्यांचा शर्ट ओढत म्हणाली. हेडक्लार्कांनी विचारलं, "हा संवाद तुमचा होता की चंद्राचा?" धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्यांना झालं, पण सभागृहाला फरशी पक्की होती. त्यांनी पोरीचं एकुलतं एक वाक्य, एवढ्या खटपटीने मिळवलेलं, स्वतःच खाऊन टाकलं होतं. आता ती आयुष्यात पुन्हा तोंड उघडणार नाही, याबद्दल त्यांना शंका उरली नाही.

पडदा पुन्हा वर गेला आणि बाईंनी मुलांना ओळीने उभं केलं. चेहऱ्यावर रंग तसेच होते.

दार म्हणालं, "दार झाल्यावर मला कळलं की लोक दारातून जातात पण दाराकडे बघत नाहीत. माझी आई रोज मला ढकलून गेली. एकदाही सॉरी म्हणाली नाही." डॉक्टरीणबाईंनी पर्स उघडून आत काहीतरी शोधायला घेतलं.

विहीर म्हणाली, "सगळे विहिरीत वाकून बघतात, पण विहिरीला बघत नाहीत, स्वतःला बघतात. आजोबा माझ्याशी बोलायचे आणि मी त्यांचाच शब्द परत दिला की चिडायचे. पण शब्द त्यांचाच होता." शिक्षणाधिकारी छताकडे बघू लागले.

पूल म्हणाला की पूल झाल्याने पाठ दुखते, याशिवाय त्याला काही कळलं नाही. वाट चुकलेला मुलगा म्हणाला, "तालमीत मला माहीत असायचं की पुढे काय होणार. आज माहीत नव्हतं. आज मी खरंच हरवलो होतो. मजा आली."

शेवटी मुंगी पुढे आली. चादर तिच्या पायात येत होती. कारकूनराव खुर्चीत शक्य तेवढे खाली घसरले.

"मी विसरले नव्हते," मुंगी म्हणाली. आवाज बारीकच होता, पण आता सभागृहात कोणी खोकत नव्हतं. "मला ते वाक्य येत होतं. मी घरी कपाटावर बसायचे तेव्हा मी काही बोलायचे नाही. मग बाबा बोलायचे. एरवी ते बोलत नाहीत. ते बोलायला सुरुवात करतात आणि कोणीतरी मध्येच बोलतं. कपाटावरून मी कधी मध्ये बोलले नाही, म्हणून त्यांचं पूर्ण व्हायचं. मला चंद्राचं एवढंच कळलं. तो आधी बोलला तर खालचं कोणी बोलणार नाही."

ती थांबली. कारकूनरावांना समोरचं नीट दिसत नव्हतं आणि चष्मा पुसायला हात वर होत नव्हता.

"आज मुलाने विचारलं तेव्हा मी ठरवलं, जरा थांबून बघू या, कोणी बोलतंय का. मला भीती वाटत होती. पण बाबा बोलले."

बाईंनी मऊ आवाजात विचारलं, "मग बरोबर बोलले ना ते?"

मुंगीने विचार केला. ती कोणतीही गोष्ट विचार केल्याशिवाय सांगत नसे.

"वाक्य बरोबर होतं," ती म्हणाली. "पण फार जोरात बोलले. मुलगा घाबरला ना. बाबांनी जरा हळू बोलायला हवं."

सगळं सभागृह हसलं, हेडक्लार्क तर मांडीवर थाप मारून हसले, आणि कारकूनराव भर सभेत, कोणाची पर्वा न करता, रडायला लागले. जरा हळू बोला, असं त्यांना आजवर कोणी म्हटलं नव्हतं.